खर्च कोण करणार?

अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या एमएससाठी अर्ज करायचा तर काय काय लागतं, याची यादी आता शहरातल्या निम्म्या घरांना पाठ आहे. पदवीच्या गुणपत्रिका (त्यांना ट्रान्स्क्रिप्ट म्हणायचं), जीआरई, टोफेल, तीन शिफारसपत्रं आणि 'मला हेच का शिकायचंय' हे सांगणारं दोन पानी निवेदन, म्हणजे एसओपी. मुलं या सगळ्यावर तासन्‌तास बोलतात. पण यादीच्या शेवटी एक साधा प्रश्न असतो, त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्याचं उत्तर बहुतेक वेळा मुलाकडे नसतं, घरच्यांकडे असतं. तुमचा खर्च कोण करणार?

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इंजिनिअरिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण हा एक प्रश्न माझ्या विषयातला आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्याची उत्तरं बदलत गेली, आणि उत्तर बदललं की शिकून आलेल्या (किंवा न आलेल्या) मुलावर हक्क कोणाचा, हेही बदलत गेलं.

सुरुवात पुण्यापासूनच करावी लागते. केशव मल्हार भट नावाचा पुण्याचा एक तरुण १८८२ साली बोस्टनच्या एमआयटीत दाखल झाला. तिथे गेलेला हा पहिला भारतीय. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली, म्हणजे त्यांच्याही आधी. आनंदीबाईंवर आपल्याकडे पुस्तकं आहेत, नाटक आहे, सिनेमा आहे. भटांचं नाव मात्र मीही शाळेत कधी शिकवलं नाही, कारण ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतंच. एमआयटीत शिकलेल्या भारतीयांचा सगळा हिशेब रॉस बॅसेट या अमेरिकन इतिहासकारानं काढला आणि २०१६ साली त्याचं 'द टेक्नॉलॉजिकल इंडियन' हे पुस्तक आलं. माझ्यासारख्या अनेकांना भट त्यातून कळले.

आता तुम्ही विचाराल, पुण्यात तर १८५४ पासून इंजिनिअरिंगचं शिक्षण होतंच की! होतं, पण ते सरकारी बांधकाम खात्याला लागणारी माणसं तयार करण्यासाठी. रस्ते, पूल, कालवे. कारखाना कसा काढायचा, यंत्र कसं बनवायचं हे शिकवण्यात सरकारला काडीचा रस नव्हता. यंत्रं मँचेस्टरहून यायची, ती इथे बनू लागली तर मँचेस्टरचं कसं व्हायचं? म्हणून विलायतेला न जाता थेट अमेरिका. १८८४ साली टिळक-आगरकरांच्या 'मराठा' पत्रानं एमआयटीवर लेख लिहून अशी संस्था आपल्याकडेही हवी असं सांगितलं. 'केसरी' आणि 'मराठा' निघून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुण्यातलं एक छोटं साप्ताहिक बोस्टनच्या एका कॉलेजाबद्दल लिहितं, याचं मला अजून नवल वाटतं. त्या कॉलेजला तरी तेव्हा कुठे जग ओळखत होतं!

त्या काळात मास्टर्सचा प्रश्न नव्हता. जायचं ते पहिल्या पदवीसाठी, नाहीतर एखादी कला हस्तगत करून परत यायला. पण 'का जाताय?' या प्रश्नाचं उत्तर मात्र तयार होतं. शिकून येणार, इथे कारखाना काढणार. आजच्या एसओपीत जे दोन पानं घोळवावं लागतं ते तेव्हा एका ओळीत संपत होतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तळेगावचं. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर भारतातले. १९०४च्या सुमारास ते एमआयटीत गेले आणि काच बनवण्याचं शास्त्र शिकून आले. इकडे अंताजी दामोदर काळे नावाचा एक झपाटलेला माणूस माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडत होता. हाच तो पैसा फंड. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. कारखान्याचं तंत्र वार्ष्णेयांनी सांभाळलं. तिथे काच बनायची आणि काच बनवणारी माणसंही बनायची. लोक शिकायला यायचे आणि पुढे दुसरीकडच्या कारखान्यांत जायचे. एमआयटीत शिकलेला माणूस आणि ज्यांनी आयुष्यात जहाज पाहिलं नाही अशा हजारो लोकांचा एक-एक पैसा, यांची गाठ तळेगावात पडली. वार्ष्णेयांच्या शिक्षणाचा खर्च फंडानं केला असं मी म्हणत नाहीये हं. फंडानं केला तो त्या शिक्षणाचा उपयोग करण्याचा खर्च. माझ्या मते तो जास्त अवघड.

शिक्षणाचा खर्च उचलणारा पहिला मोठा दाता म्हणजे जमशेटजी टाटा. १८९२ साली त्यांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी काढला. सुरुवातीच्या मानकऱ्यांत आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. या निधीचं वैशिष्ट्य असं की पैसे कर्जाऊ मिळत. फेडा, म्हणजे पुढच्याला मिळतील. जमशेटजी पक्के व्यापारी होते, दान कसं करावं हे त्यांना नेमकं कळत होतं.

संस्थानिकांची तऱ्हा वेगळी. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि करार काय, तर परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. बाबासाहेबांचा विषय इंजिनिअरिंग नव्हता, पण हे उदाहरण द्यावंच लागतं, कारण 'ज्याचा खर्च त्याची सेवा' हा हिशेब इतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. ते १९१७ साली करार पाळायला बडोद्यात आले. ज्यानं पैसे दिले त्या राजाच्या राजधानीत त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी खानावळीतून लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. तेव्हा नुसतं परत येण्याचं वचन देऊन भागत नाही. परत येणाऱ्याला सामावून घेण्याचं वचन कुणी द्यायचं? ते कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

ज्यांच्या घरचाच कारखाना, त्यांचा प्रश्न सोपा. शंतनुराव किर्लोस्कर १९२२ साली एमआयटीत गेले आणि १९२६ला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले. खर्च किर्लोस्करवाडीचा, परत जायचं किर्लोस्करवाडीला. एसओपी लिहायला लावला असता तर शंतनुराव हसले असते.

यापेक्षा मजेदार गोष्ट काकासाहेब कालेलकरांच्या मुलाची. काका कालेलकर साताऱ्यात जन्मलेले, लिहायचे गुजरातीत, राहायचे गांधीजींच्या आश्रमात. त्यांचा मुलगा बाळ आश्रमातच वाढला. १९३०च्या मार्चमध्ये साबरमतीहून दांडीला जी मोजकी माणसं गांधीजींबरोबर चालत निघाली, त्यांत हा बाळ होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. दहा वर्षांनी हाच मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला एमआयटीत! खर्चाला हात दिला घनश्यामदास बिर्लांनी, आणि अमेरिकेतल्या मित्रांसाठी चिठ्ठी दिली खुद्द गांधीजींनी. चार ओळींची चिठ्ठी. हा मुलगा माझ्या हाताखाली वाढला आहे, गुणी आहे, याला मदत केलीत तर मला बरं वाटेल, एवढाच मजकूर.

यंत्रांवर इतकं कडक लिहिणाऱ्या माणसानं यंत्रशास्त्र शिकायला निघालेल्या मुलाला शिफारस द्यावी, याचा पुष्कळांना अचंबा वाटतो. मला नाही वाटत. चरखा हेही यंत्रच, आणि चांगला चरखा बनवण्यासाठी गांधीजींनी इनाम लावलं होतं. ते असो. मला ती चिठ्ठी आवडते ती तिच्यातल्या ओळखीमुळे. 'हा माझ्या हाताखाली वाढला' असं म्हणणारा माणूस खरोखर त्या मुलाला लहानपणापासून पाहत होता. आज इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात साठ-सत्तर मुलं. त्यातली कितीतरी शिफारसपत्र मागायला येतात, आणि सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मुलगा रात्री बसून स्वतःची स्तुती तीन वेगवेगळ्या प्राध्यापकांच्या आवाजात लिहितो. मराठीच्या शिक्षिकेला हा लेखनप्रकार शिकवायला दिला असता तर मी तो 'आत्मवृत्त' या सदरात घातला असता!

स्वातंत्र्याच्या जरा आधी सरकार खर्च करणारं झालं. महायुद्ध संपत आलं होतं, देश उभारायला इंजिनिअर लागणार होते. केंद्र आणि प्रांत सरकारांनी शेकडो मुलं शिष्यवृत्त्या देऊन इंग्लंड-अमेरिकेला पाठवली. त्यांत कर्नाटकातल्या राजेश्वरी होत्या, पुढच्या राजेश्वरी चटर्जी. गणितात एमएस्सी, बंगलोरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम करणाऱ्या. १९४७च्या जुलैत, म्हणजे देश स्वतंत्र व्हायला महिना असताना, युद्धात सैनिकांची ने-आण केलेल्या एका बोटीतून त्या निघाल्या आणि महिन्याभराच्या प्रवासानंतर अमेरिकेत उतरल्या. १५ ऑगस्ट त्यांच्या वाट्याला समुद्रावर आला असणार. मिशिगन विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स घेतली, पुढे तिथेच डॉक्टरेट केली आणि १९५३ साली परत येऊन त्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागल्या. मायक्रोवेव्ह आणि अँटेना हा त्यांचा विषय. कर्नाटकातल्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतात. सरकारनं खर्च केला आणि सरकारला तो पुरेपूर वसूल झाला, असा हिशेब इथे मांडता येतो.

त्याच सुमारास नलिनी रंजन सरकार समिती नेमली गेली (१९४५). मुलांना बोस्टनला पाठवत बसण्यापेक्षा बोस्टनच इथे आणा, असा तिच्या सांगण्याचा अर्थ. खरगपूरची आयआयटी १९५१ची, पवईची १९५८ची. 'मराठा'नं १८८४ साली लिहिलेलं सत्तर वर्षांनी खरं झालं म्हणायचं. गंमत अशी की इथे चांगली बीई-बीटेक मिळू लागली आणि त्यामुळेच अमेरिकेला जाणं वाढलं. पहिली पदवी घरच्या घरी झाली, मग पुढची, म्हणजे एमएस, तिकडे करायची. जी गळती थांबवायला धरण बांधलं, त्याच धरणातून पाट निघाला.

आणि हा पाट वाहता ठेवायला खर्च करणारा नवा धनी पुढे आला, तो म्हणजे अमेरिका स्वतः. १९५७च्या ऑक्टोबरात रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला धडकी भरली. पुढच्याच वर्षी त्यांनी शिक्षणासाठी कायदा केला, विद्यापीठांतल्या संशोधनावर सरकारी पैसा ओतला. प्राध्यापकांकडे प्रकल्प आले, प्रयोगशाळा आल्या, काम करायला हात हवे होते. हुशार, कष्टाळू, गणितात पक्के हात भारतातून मिळत होते. असिस्टंटशिप म्हणजे आठवड्याला वीस तास प्रयोगशाळेत किंवा वर्गात काम, बदल्यात फी माफ आणि वर महिन्याला खर्चाला पैसे. आपल्याकडे त्याला 'एड' म्हणायचे. "अॅडमिशन झाली, पण एडचं काय?" हे वाक्य मी सत्तरच्या दशकात वाड्यांतून आणि चाळींतून किती वेळा ऐकलं असेल!

त्या एडची किंमत समजायला एकच आकडा पुरे. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर चार रुपये शहात्तर पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. महिना दोनशे डॉलर धरले तर आदल्या दिवशी त्याचे नऊशे बावन्न रुपये होत होते, दुसऱ्या दिवशी दीड हजार. शाळामास्तराच्या घरात एवढे पैसे कोण पाहणार? परकीय चलन तर मिळतच नव्हतं. तिकीट काढायला पी फॉर्म, रिझर्व्ह बँकेची परवानगी. 'खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो' ही त्या पिढीतल्या अनेकांची सांगायची गोष्ट आहे. अर्जाची फी डॉलरमध्ये भरायची म्हणजेही यातायात, म्हणून फी न मागणारी विद्यापीठं आधी शोधायची. एअर लेटर टाकायचं, महिन्याभरानं जाडजूड लिफाफा यायचा, भाड्याच्या टाइपरायटरवर फॉर्म भरायचा. एक अक्षर चुकलं तर पांढरी शाई.

एडमुळे एक मोठी गोष्ट झाली, ती मान्य करायलाच हवी. घरात पैसा नसलेली मुलं गेली. मॅट्रिकपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, पोस्टातल्या कारकुनाची, भिक्षुकाची मुलं. (अर्थात ती बहुतेक सदाशिव पेठ, दादर, पार्ले अशाच वस्त्यांतली आणि ठरावीक आडनावांची. गरिबी असली तरी घरात पुस्तक होतं आणि कोणीतरी वाट दाखवणारा होता. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं, त्यांच्यापर्यंत एडची बातमीच पोचली नाही.) पण मग मुलगा कोणाचा? १९६५च्या अमेरिकन कायद्यानं देशवार कोटे गेले आणि शिकलेल्या माणसाला तिथे राहणं सोपं झालं. मुलं राहिली. इकडे 'ब्रेन ड्रेन'वर वक्तृत्व स्पर्धा सुरू झाल्या. मीही मुलांना त्यात उतरवलं आहे. पण आता वाटतं, त्या वादात हिशेब अर्धाच मांडला जायचा. बीईपर्यंतचा खर्च इथल्या करदात्यानं केला, नाममात्र फीमध्ये. एमएसचा तिथल्या करदात्यानं केला. अर्जातला प्रश्न फक्त दुसऱ्या खर्चाबद्दल होता. पहिला कोणी विचारलाच नाही, तेव्हा मुलानंही तो लिहिला नाही.

परीक्षांबद्दल थोडंसंच सांगते. जीआरई १९३६ पासूनची, टोफेल १९६४ पासूनची. गांधीजींची चिठ्ठी सगळ्यांना मिळत नाही, म्हणून आकडा हवा, हे मला पटतं. अनोळखी मुलाला अनोळखी देशात आकड्यानं दार उघडून दिलं. पण इंजिनिअर होणाऱ्या मुलानं बॅरन्सच्या पुस्तकातले साडेतीन हजार इंग्रजी शब्द, जे पुढे जन्मात वापरायचे नाहीत, ते पाठ का करावेत, हे मला कधी कळलं नाही. २०११ साली परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द गेले आणि करोनानंतर कितीतरी विद्यापीठांनी जीआरईची अटच काढली. बॅरन्सचे ते ठोकळे आता रद्दीत किलोनं दिसतात.

आणि आता खर्च करणारा चौथा धनी. राजा नाही, सरकार नाही, अमेरिका नाही. आईबाप आणि बँक. एमएस हा अमेरिकन विद्यापीठांना पूर्ण फी मिळवून देणारा अभ्यासक्रम झाला. एड मिळते, पण ती मुख्यतः पीएचडीवाल्यांना. २००८ साली शिक्षणानंतर नोकरी करायची मुदत विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसाठी सतरा महिन्यांनी वाढली, २०१६ साली ती वाढ चोवीस महिन्यांची झाली, म्हणजे सगळी मिळून तीन वर्षं. त्या तीन वर्षांच्या पगारातून कर्ज फिटेल, या भरवशावर सगळा डोलारा. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, सगळ्या देशांत पहिला नंबर. त्यांतले १,९६,५६७ पदव्युत्तर.

आमच्या इमारतीतल्या एका मुलानं अर्ज केला तेव्हा त्याच्या आईनं सीएचा दाखला मला दाखवला होता. विद्यापीठ आय-ट्वेंटी हा कागद देण्याआधी वर्षाच्या खर्चाची तजवीज आहे का ते बघतं, त्यासाठी हा दाखला. वडिलांची मुदत ठेव, आईचा पीपीएफ, गावची जमीन, राहता फ्लॅट, आजीचे दागिने. प्रत्येकापुढे रुपये आणि शेजारी डॉलर. आजीच्या पाटल्या आणि बोरमाळ डॉलरमध्ये लिहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आजी म्हणाल्या, "माझ्या अंगावरचं असं कुणी आजवर लिहून काढलं नव्हतं."

यातली खरी अडचण पुढे आहे. व्हिसाच्या खिडकीवर मुलानं सांगायचं, मी शिकून परत येणार. तसं पटलं नाही तर कायद्यानं व्हिसा नाकारता येतो. आणि बँकेच्या खिडकीवर त्याच मुलानं मनात धरायचं, की मी तिथे नोकरी करणार, कारण इथल्या पगारात चाळीस लाखांचा हप्ता जात नाही. भटांना आणि वार्ष्णेयांना दोन्हीकडे एकच उत्तर देता येत होतं. या मुलाला येत नाही. तो खोटारडा नाही, गुणी आहे, माझ्याकडे पाढे म्हणायला यायचा. दोन खिडक्यांना दोन वेगळी उत्तरं लागतात, एवढंच. फ्लॅट तारण आहे म्हटल्यावर मुलावर पहिला हक्क बँकेचा. देशाचा नंबर लागलाच तर त्यानंतर.

२०२५च्या सप्टेंबरात बातमी आली, नव्या एच-वन-बी अर्जासाठी एक लाख डॉलर भरावे लागणार. कोणाला लागू, कोणाला नाही, यावर दोन दिवस गोंधळ. मुलाचं शेवटचं सेमिस्टर चालू होतं. त्याच्या आईनं वहीत हप्त्यांचा तक्ता मांडला होता, तो घेऊन ती संध्याकाळी वर आली. कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो. ती म्हणाली, "बाई, त्याला नोकरी लागायला वेळ लागला तर? हप्ता जानेवारीपासून धरू की जुलैपासून?" मी म्हटलं, तक्त्यात जुलैपासून धर, पण पैसे जानेवारीपासून बाजूला टाकायला लाग. तिनं जानेवारीच्या रकान्यात पेन्सिलीनं आकडा घातला.